न वाचलेल्या सात बातम्या

छापखान्यात कॉपी वाचणाऱ्या माणसाला स्वतःचं मत नसतं. वाचकबाईंना हा नियम कामाच्या पहिल्याच दिवशी सांगितला गेला. ज्या मुलीला घरात सगळे ‘हिच्या जिभेला हाड नाही’ म्हणायचे, तिने तो एकोणतीस वर्षं पाळला, यावर तिच्या माहेरच्या कुणाचाही शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

काम असं होतं. लेखकाने लिहून दिलेला मूळ मजकूर, म्हणजे कॉपी, वाचकबाईंच्या हातात. तोच मजकूर शिशाच्या खिळ्यांत जुळवून काढलेला ओलसर कागद, म्हणजे प्रूफ, समोर बसलेल्या मुद्रितशोधकाच्या हातात. बाईंनी मोठ्याने वाचायचं, शोधकाने कागदावर डोळे ठेवून ऐकायचं, आणि कानावर पडलेलं डोळ्यांना दिसलं नाही की समासात खूण करायची. वाचायचं म्हणजे सगळंच वाचायचं. स्वल्पविराम आला की ‘स्वल्पविराम’ म्हणायचं, कंस उघडला की ‘कंस सुरू’, मिटला की ‘कंस पूर्ण’. वाक्य लंगडं असलं तरी तसंच, लेखक दीडशहाणा असला तरी तसंच. जसंच्या तसं वाचायचं आणि पुढे जायचं.

खोली म्हणजे खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरांच्या लांबलचक दालनाचा कोपरा फळ्या ठोकून वेगळा केलेला. दोन खुर्च्या, कोपरं टेकून टेकून कड गुळगुळीत झालेलं टेबल, वायरीला लोंबणारा दिवा, आणि बाईंच्या घशासाठी बशीने झाकलेला पाण्याचा पेला. फळ्या छतापर्यंत पोचलेल्या नव्हत्या, त्यामुळे बाईंचा आवाज वरून पलीकडे जायचा आणि पलीकडून खिळ्यांची टकटक आणि शाईचा वास इकडे यायचा. त्या खोलीत बाईंनी काय काय वाचलं! कोंबड्यांच्या रोगांवरची पुस्तिका, शाळेचा भूगोल, कोर्टाच्या नोटिसा, बॉयलर कसा धुवावा याच्या सूचना. एका निवृत्त न्यायाधीशांनी नऊशे ओळींचं काव्य आणून दिलं होतं, आणि त्यात दर ओळीला तीन उद्गारचिन्हं. दुपारपर्यंत बाईंचा घसा बसला. शेवटी फळीपलीकडून थोरला कंपोझिटर ओरडला, “बाई, साहेबांना निरोप द्या, उद्गारचिन्हांचा खण रिकामा झाला! उरलेली देशभक्ती पूर्णविरामावर भागवा!”

हा थोरला कंपोझिटर म्हणजे शोधकांचा जिवलग. दोघं एकाच वर्षी कामाला लागलेले, रोज चार वाजता मागच्या पायरीवर बसून चहा प्यायचे आणि एकमेकांच्या चुका काढायचे. तसे शोधक अबोल. कानामागे निळी पेन्सिल, कागदावर नाक, आणि दिवसभर तोंडात एकच शब्द, “पुढे.” बाईंना पहिली तीन वर्षं वाटायचं की या माणसाला दुसरा शब्द येतच नसावा.

येत होता, हे कळलं ते बाईंच्या आजारपणामुळे. सव्विसाव्या वर्षी त्यांच्या गळ्यात उजव्या बाजूला गाठ आली. ती कापून काढली, आणि शुद्धीवर आल्यावर बाईंनी पाणी मागितलं तर आवाजच फुटेना. नुसती वाफ. वाचणाऱ्या बाईचा आवाज गेला म्हणजे नोकरी गेलीच. मालक भला माणूस होता, पण छापखाना काही धर्मशाळा नव्हती. तेव्हा शोधक उठून मालकांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, “आवाज येईपर्यंत मी वाचतो. प्रूफ बाई बघतील.”

शोधकांचं वाचन म्हणजे देवाघरची शिक्षा. पोलिसाने पंचनामा वाचावा तसे वाचायचे, स्वल्पविराम गिळायचे, आणि नियम धाब्यावर बसवून मध्येच स्वतःचं मत द्यायचे. तीन महिने बाईंनी ते सोसलं. मग एक दिवस बागकामाचं पुस्तक चाललं असताना शोधकांनी त्याच एकसुरी आवाजात वाचलं, “गुलाबाची छाटणी थंडी सरताना करावी पूर्णविराम वाचकबाईंना हरकत नसेल तर त्यांनी माझ्याशी लग्न करावं पूर्णविराम खत मात्र बेतानं घालावं.” बाईंची पेन्सिल थांबली. बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी समासात लिहून विचारलं, ‘हे मूळ कॉपीत आहे का?’ शोधकांनी कॉपी पुढे ओढली आणि त्या दोन वाक्यांच्या मध्ये बारीक अक्षरात ते वाक्य लिहून टाकलं. ते वाक्य छापता छापता राहिलं, कारण थोरल्या कंपोझिटरने ते वाचलं आणि आधी पेढे मागितले. बाईंचा आवाज पुढे आठवड्याभरात परत आला. थोडा खाली उतरलेला, पण खणखणीत. शोधक म्हणायचे, होकार द्यायलाच आला.

आता हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की वाचकबाई म्हणजे तो आवाज. बाकी त्यांच्यात दाखवण्यासारखं काही नव्हतं, असं त्या स्वतःच म्हणायच्या.

पुढे संगणक आले, खिळे वितळवले गेले, छापखाना बंद झाला. पुढची बरीच वर्षं शोधक घरीच प्रुफं तपासत, मग काचबिंदूने त्यांची नजर कडेकडेने कुरतडत आणली आणि शेवटी पार नेली. तेव्हापासून रोज सकाळी चहा झाला की बाई खिडकीपाशी बसायच्या आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पेपर वाचायच्या. जुनी सवय, त्यामुळे मध्येच ‘स्वल्पविराम’ निघून जायचा. ‘पूर्णविराम’ मात्र त्या फक्त रागावल्यावर म्हणायच्या. शोधक समोर डोळे मिटून बसायचे आणि अधूनमधून म्हणायचे, “पुढे.” दोघं सत्तरी ओलांडलेली, पण त्या दोन तासांपुरती ती फळ्यांची खोली पुन्हा उभी राहायची, आणि बाईंना त्यात इतकं सुख होतं की त्या पेपरवाल्याच्या सायकलची वाट बघायच्या.

पण या सुखाच्या पहिल्याच सकाळी त्यांनी नियम मोडला होता.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. शोधकांच्या डोळ्याची शेवटची शस्त्रक्रिया फसली, आता काही दिसणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याला चार दिवस झाले होते. शोधक भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. आग्रह करून करून बाईंनी त्यांना उठवलं, खिडकीपाशी बसवलं, वाचायला सुरुवात केली. सातव्या पानावर निधनवार्तांच्या रकान्यात थोरल्या कंपोझिटरचा फोटो होता. बाईंचा श्वास अडकला. आणि त्यांनी पान उलटलं.

आज नको, उद्या सांगू, एवढाच विचार होता त्यात. पण न सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी जास्त जड होते आणि तिसऱ्या दिवशी उचलतच नाही. चार महिन्यांनी मशीनवाला गेला. आता याचं वाचावं तर ‘त्याला कळवलं का?’ म्हणून शोधक कंपोझिटरचंच नाव काढणार. तेही पान उलटलं. मग फोरमन. मग बाइंडिंगच्या मावशी. काट्याचा नायटा होतो म्हणतात तसं झालं. सहा वर्षांत सात बातम्या झाल्या. प्रत्येक बातमी कापून बाई एका पाकिटात ठेवायच्या. शोधक विचारायचे, “थोरल्याचा काही फोन?” आणि बाई म्हणायच्या, “त्यांचा नंबर बदललाय वाटतं.” एकोणतीस वर्षं ज्यांनी परक्यांच्या कोंबड्यांचेही रोग जसेच्या तसे वाचले, त्यांना घरच्या माणसासमोर खोटं बोलताना काय वाटत असेल ते ज्याचं त्यालाच ठाऊक. बाईंना स्वतःची लाज वाटायची. पण शोधकांच्या डोळ्यांसमोर तो छापखाना अजून भरलेला होता, सगळी माणसं आपापल्या जागी उभी होती, आणि ती एकेक करून उठवायची बाईंची छाती होत नव्हती.

अशात एका सकाळी पाणीपुरवठ्याची बातमी वाचता वाचता बाईंचा आवाज थांबला. शब्द समोर दिसत होता, पण तोंडाकडे येईना. उजव्या हातातून पेपर घसरून मांडीवर पडला. त्यांना वाटलं, आपण ओरडतोय, पण आवाज नव्हता.

समोर शोधकांनी वाट पाहिली आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “ओळ हरवलीस. मागून घे.”

झालं ते असं. दुसऱ्या कुणी बायको गप्प झाली म्हणून धावाधाव केली असती. पण जन्मभर कॉपी ऐकलेला माणूस तो, वाचणारी थांबली म्हणजे ओळ हरवली, दुसरं काही असू शकतं हे त्याच्या डोक्यातच येईना. ते शांतपणे बसून राहिले. तीन-चार मिनिटांनी बाईंचा शब्द परत आला. त्या म्हणाल्या, “चष्मा पुसत होते,” आणि मागून वाचायला लागल्या. कुणाला काही बोलल्या नाहीत. दुखलं नाही, खुपलं नाही, मग सांगायचं तरी काय?

नवव्या दिवशी तेच पुन्हा झालं. या वेळी शोधक म्हणाले, “ओळ हरवल्यावर तू ‘थांबा हां’ म्हणतेस. आज म्हणाली नाहीस. मागच्या वेळीही म्हणाली नव्हतीस.” आणि मग त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी चाचपडत जाऊन लेकीला फोन लावला.

लेक शाळेत शिकवायची. तास सोडून आली, आईला गाडीत घातलं आणि वाटभर दोघांना फैलावर घेतलं. “नऊ दिवस मूग गिळून बसलात? दोघंही? एक सांगत नाही, एक विचारत नाही! तुमचं आयुष्यभराचं हेच आहे.” मागच्या सीटवर दोघं शाळेतल्या मुलांसारखी खाली मान घालून बसली.

हॉस्पिटलात मानेची सोनोग्राफी झाली, मग डोक्याचे आणि मानेचे फोटो. डॉक्टर चाळिशीचे, बोलायला सरळ. ते म्हणाले, “मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या मानेतून जातात, दोन्ही बाजूंनी. आजी, तुमची डावी आतून भरत आलीय. पाचातले चार भाग बंद. त्या थरातला कण सुटून वर गेला की तेवढ्यापुरता मेंदूचा एक कोपरा गप्प होतो. तुमचे कण दोन्ही वेळा विरघळले. तिसऱ्यांदा विरघळेल याची खात्री मी देत नाही.”

मग त्यांनी उपाय सांगितले. एक म्हणजे मानेवर छेद घेऊन वाहिनी उघडायची आणि आतून साफ करायची. तुमच्या वयात सहसा हेच बरं, असं ते म्हणाले. पण बाईंच्या गळ्यावरचा जुना वण बघून त्यांनी आधी घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे नाकातून बारीक दुर्बीण घालून तपासलं आणि शेहेचाळीस वर्षांनी एक गोष्ट उघडकीला आली. बाईंचा उजवा स्वरतंतू हलतच नव्हता. त्या गाठीच्या वेळीच तो निकामी झाला होता, आणि तेव्हापासून डावा एकटा दोघांचं काम करत होता.

“आता डाव्या बाजूला छेद घेतला आणि त्याच्या नसेला धक्का लागला,” मानेचे डॉक्टर तो अहवाल बघून म्हणाले, “तर आवाज जाईल, श्वासालाही अडचण होईल. म्हणून मी म्हणतो, मानेला हात लावायला नको. जांघेतून बारीक नळी वर न्यायची. अरुंद जागेच्या पलीकडे छोटी जाळीची छत्री उघडायची, कण सुटलाच तर अडकावा म्हणून. मग फुग्याने जागा मोकळी करायची आणि तिथे तारेची नळी बसवायची, स्टेंट. ती आतून भिंत धरून ठेवते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी.”

“मग सोपंच आहे की,” लेक म्हणाली.

“सोपं म्हणजे छेद नाही एवढंच. तुमच्या आईच्या वयात, ते करतानाच झटका यायचा धोका थोडा जास्त असतो. शंभरात चार-पाच जणांना. आणि डावी बाजू म्हणजे बोलण्याची बाजू.”

म्हणजे छेद घेतला तर आवाज जाण्याची भीती, आणि न घ्यावा तर शब्द जाण्याची. बाईंनी मान हलवली. त्यांना स्वतःच्या जिवाचं फार वाटलं नाही. पण आपण मुक्या झालो तर या माणसाला पेपर कोण वाचून दाखवणार, आणि त्या सात बातम्या कोण सांगणार, हे दोन विचार काही मनातून जाईनात.

त्यांनी स्टेंटला होकार दिला. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या सुरू झाल्या आणि पुढच्या आठवड्यात त्या हॉस्पिटलात दाखल झाल्या. नर्सने संमतीपत्र आणून दिलं आणि म्हणाली, “आजी, इथे सही करा.” बाई म्हणाल्या, “न वाचता?” आणि चष्मा लावून त्यांनी पहिल्या शब्दापासून ते मोठ्याने वाचायला घेतलं, स्वल्पविराम, कंस सुरू, कंस पूर्ण यांसकट. शेजारच्या खाटांवरच्या बायका कान टवकारून बसल्या. ‘अर्धांगवायू स्वल्पविराम वाचा जाणे स्वल्पविराम क्वचित मृत्यू’ हेही बाईंनी त्याच आवाजात वाचलं, अडखळल्या नाहीत. सही केली. नर्स हसत निघून गेली.

शोधक खाटेजवळच्या स्टुलावर बसले होते. ते म्हणाले, “आज एकही ओळ गाळली नाहीस.”

बाईंच्या हातातलं पेन तसंच राहिलं. “म्हणजे?”

“निधनवार्तांचं पान आलं की तू नेहमी नावं भराभर वाचतेस. पण कधीकधी वाचायच्या आधी तुझा श्वास अडकतो. मग पान उलटल्याचा आवाज येतो.” त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. “सात वेळा झालंय. कोण ते मला माहीत नाही. किती ते माहीत आहे.”

बाई रडायलाच लागल्या. सहा वर्षं कोंडलेलं रडं, त्याला वॉर्ड काय आणि शेजारच्या खाटा काय. त्यांनी उशाखालची पिशवी ओढली आणि पाकीट बाहेर काढलं. “आत्ता वाचते. सगळ्या वाचते.”

शोधकांनी चाचपडत पाकिटावर हात ठेवला. “आत्ता नाही. उद्याचं झालं की वाच. अर्धी कॉपी टेबलावर टाकून वाचणारी उठून जात नाही.”

“आणि उद्या मला बोलताच आलं नाही तर?”

 शोधकांनी पाकिटावरचा हात काही काढला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. भेटीची वेळ संपेपर्यंत ते तसेच बसून राहिले.

सकाळी बाईंना थंडगार खोलीत नेलं. पूर्ण भूल द्यायची नव्हती. जांघ बधिर केली आणि उजव्या हातात एक रबरी बदक दिलं. डॉक्टर म्हणाले, “मी सांगेन तेव्हा दाबायचं. हात चालतोय हे आवाजावरून कळतं. आणि बोलत राहा, म्हणजे शब्द चालतायत हेही कळेल.”

“काय बोलू?”

“काहीही. पाठ असेल ते.”

लेकीने आदल्या दिवशीच डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं, की आईच्या बोलण्यात एक अक्षर जरी इकडचं तिकडे झालं, तर ते या पृथ्वीवर सगळ्यात आधी बाबांना कळेल. डॉक्टरांना ते पटलं की नुसती मौज वाटली कोण जाणे, पण काचेपलीकडच्या खोलीत, यंत्रं चालवणाऱ्यांच्या मागे, त्यांनी शोधकांना खुर्ची दिली. इकडचं बोलणं तिकडे ऐकू जात होतं आणि तिकडचं इकडे.

बाईंनी छताकडे पाहिलं. पाठ असलेलं खूप होतं. भूगोल होता, गुलाबाची छाटणी होती. पण कण केव्हा सुटेल आणि कुठला शब्द घेऊन जाईल याचा नेम नव्हता. जोवर शब्द आहेत तोवर ज्याचे त्याला देऊन टाकावेत, असं त्यांना वाटलं. पाकीट वॉर्डात होतं, पण पाकिटाची गरज नव्हती. त्यांनी घसा साफ केला.

“दुःखद निधन पूर्णविराम,” त्या म्हणाल्या, आणि थोरल्या कंपोझिटरचं नाव घेतलं. “वय चौऱ्याहत्तर स्वल्पविराम अडतीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले स्वल्पविराम कुणाचं मन दुखवलं नाही पूर्णविराम.”

खोलीत सगळे चपापले. नर्सने डॉक्टरांकडे बघितलं. वरच्या स्पीकरमधून काहीच आवाज आला नाही. बाईंना नळी वर सरकताना जाणवत नव्हती, फक्त ती शांतता जाणवत होती. मग बऱ्याच वेळाने स्पीकर खरखरला.

“पुढे.”

“आजी, आता फुगा फुगवतोय,” डॉक्टर म्हणाले. “मानेत दाब वाटेल.”

“आज सकाळी अकरा वाजता अंत्ययात्रा राहत्या…”

आणि छत अंधारलं. फुग्याचा दाब पडला की हृदय मंदावतं, हे त्यांना आधी सांगितलेलं होतं. पण सांगणं वेगळं आणि आपलंच हृदय आपल्याला सोडून चाललंय असं वाटणं वेगळं. कुणीतरी आकडे ओरडलं, कुणीतरी हातात सुई टोचली. “बदक दाबा, आजी! बदक!” शब्द कुठे होता? समोरच तर होता. बाईंनी बोटं आवळली. बदक बारीक आवाजात ओरडलं.

“…घरातून निघेल पूर्णविराम,” बाई म्हणाल्या.

स्पीकरमधून शोधकांचा आवाज आला, फाटलेला, ओला. “बरोबर आहे, डॉक्टर. काही सुटलेलं नाही. पुढे.”

मग मशीनवाला झाला, फोरमन झाला, बाइंडिंगच्या मावशी झाल्या, कागद मोजणारे काका झाले. सातवी बातमी संपायच्या आत डॉक्टरांनी हातमोजे काढले होते आणि संपेपर्यंत ते तिथेच उभे राहिले.

दुपारभर पाय सरळ ठेवून पडून राहायचं होतं. शोधक स्टुलावर येऊन बसले. बाईंचा हात हातात घेऊन म्हणाले, “सहा वर्षं मी थोरल्यावर रुसून होतो. एक तर तो त्या सातांत असणार, नाही तर डोळे गेल्यावर त्याने मला टाकलं असणार. मी रुसलो. रुसायला समोरचा जिवंत तरी लागतो.”

“माझं चुकलं हो,” बाई म्हणाल्या.

“चुकलं,” ते म्हणाले. त्यांनी बाईंचा हात सोडला नाही, आणि चूक नाही असंही म्हणाले नाहीत.

तीन आठवड्यांनी, घरी, खिडकीपाशी, बाईंनी सातवं पान उघडलं आणि त्यांचा श्वास अडकला. समोर शोधकही थांबले. बाईंनी पेपर घट्ट धरला आणि वाचलं. छापखान्याचे मालक गेले होते, वय त्र्याण्णव, अंत्ययात्रा दहा वाजता. शोधक उठून उभे राहिले. “माझा पांढरा सदरा कुठे आहे?”

मालकांच्या घरी पुढच्या खोलीत भिंतीकडेने बाक लावले होते. छापखान्यातले म्हणून उरलेले पाच जण. पांढरे केस, काठ्या, ओळखूही येईनात. शोधकांना पाहून सगळे उठले आणि मग घुटमळले. कोपऱ्यातल्या बाकावर थोरल्या कंपोझिटरच्या बायको बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत.

“आलात भाऊजी,” त्या म्हणाल्या. “मालकांसाठी आलात, बरं झालं. आमच्याकडे त्या दिवशी मी सगळ्यांना तासभर थांबवून धरलं होतं. म्हटलं, पेपरात आलंय, भाऊजींना कळेलच, ते आल्याशिवाय ह्यांना न्यायचं नाही. लोक चिडले. मग नेलं.”

 शोधकांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. “वहिनी, डोळे गेले होते माझे त्याच आठवड्यात. उठलोच नाही मी. चूक माझीच आहे.”

बाईंना ते ऐकवेना. हा माणूस आपल्या वतीने खोटं बोलतोय, आणि आपण शेजारी उभं राहून ऐकतोय. त्या एक पाऊल पुढे आल्या.

“नाही, वहिनी,” त्या म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. “ह्यांना ठाऊकच नव्हतं. बातमी माझ्या हातात होती. मी वाचली नाही.”

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. बाहेर कुणीतरी गाडी आल्याचं सांगितलं, तरी त्या बघतच होत्या. राग होता त्या नजरेत, आणि तो असायलाच हवा होता. मग त्यांनी पदराने तोंड पुसलं.

“आवाज अगदी तसाच आहे हो तुमचा,” त्या म्हणाल्या. “हे म्हणायचे, फळीपलीकडून बाई वाचत असल्या की हात आपोआप चालतो.” आणि त्यांनी बाकावर सरकून दोघांपुरती जागा केली.